दूर पल्ल्याच्या धावपटूचा आहार

कोल्हापूरच्या तालमींनी दूध, तूप व बदामाच्या थंडाईचा खुराक रूढ केला. मल्लांना तो मानवतो. परंतु दूर पल्ल्याच्या शर्यतीचा सराव करणाऱ्या मुलांनी त्याचे अनुकरण करणे हितावह नाही. स्निग्ध आहार सावकाश पचतो, तर धावपटूचे प्रमुख इंधन पिष्टमय पदार्थ होत. स्नायूंतील त्यांचा साठा वेगाने धावल्यास दीड-दोन तासांत संपत येतो. म्हणून रोज भाकरी, भात, उसळ व दूध पोटभर मिळावे. शर्यतीपूर्वी तीन तास हलके जेवण घ्यावे. दीर्घ शर्यतीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम गूळ वा साखर, चिमूटभर मीठ घालून पाण्यातून घ्यावी. गुळासाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात महागड्या चूर्णांची गरज नाही. उपाशीपोटी धावणाऱ्या विद्यार्थ्यांकडे शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी वेळीच लक्ष द्यावे.