दुरून झालेले दर्शन

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉस अँजेलिस हे महानगर वसले आहे. तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वाङ्मय, इतिहास, गणित आणि निसर्गविज्ञान हे सारे विषय एकाच विशाल कला व विज्ञान महाविद्यालयात शिकविले जातात. सप्टेंबर सरत आला, की तेथे शरदसत्राची लगबग सुरू होते आणि विटांच्या जुन्या इमारतींसमोरील हिरवळ विद्यार्थ्यांनी फुलून जाते. २०२० साली मात्र ती हिरवळ ओस पडली होती. कोरोनाच्या साथीमुळे मार्च महिन्यापासून वर्ग बंद झाले होते, आणि शरदसत्रही बव्हंशी संगणकाच्या पडद्यावरूनच चालवावे लागले. व्याख्याने, चर्चा, पाहुण्यांच्या सभा, सारे काही घरबसल्या! प्राध्यापकांसमोर ओळींनी बसलेले विद्यार्थी नव्हते. पडद्यावरील लहान लहान चौकटींत त्यांचे चेहरे दिसत. कित्येक चौकटी तर काळ्याच राहत.

अशा त्या सुन्या शरदात महाविद्यालयाला त्या वर्षीची सर्वांत मोठी वार्ता कळली. तो दिवस ६ ऑक्टोबरचा. स्वीडनमधील स्टॉकहोम येथे दुपार होत आली होती; लॉस अँजेलिसमध्ये पहाटेचे तीनही वाजले नव्हते. प्राध्यापिका अँड्रिया गेझ यांच्या घरी दूरध्वनी खणखणला. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते! त्यातील अर्धा वाटा इंग्लंडचे रॉजर पेनरोझ यांचा होता, व उरलेला अर्धा जर्मनीचे राइनहार्ट गेन्झेल आणि गेझ यांना विभागून देण्यात आला होता. त्यापूर्वी हे पारितोषिक केवळ तीन स्त्रियांना लाभले होते : १९०३ साली मेरी क्यूरी, १९६३ साली मारिया गोपर्ट मायर आणि २०१८ साली डॉना स्ट्रिकलंड. एवढा आनंद झाला, पण सहकाऱ्यांनी भोवती जमावे, विद्यार्थ्यांनी टाळ्यांचा कडकडाट करावा, अशी सोय नव्हती. अभिनंदनही पडद्यावरूनच स्वीकारावे लागले.

गेझ यांनी शोधले तरी काय? आपली आकाशगंगा हे कोट्यवधी ताऱ्यांचे प्रचंड चक्र आहे. त्याचा मध्यबिंदू धनू राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षे दूर आहे. आश्विनातील स्वच्छ संध्याकाळी नैर्ऋत्येकडे पाहिले, तर दृष्टी त्याच दिशेने जाते. परंतु मध्ये धुळीचे दाट ढग असल्यामुळे मध्यबिंदू डोळ्यांना दिसत नाही. तेथे एखादे कृष्णविवर, म्हणजे प्रकाशालाही निसटू न देणारी वस्तू, दडलेले असावे अशी शंका शास्त्रज्ञांना होती. पण जे प्रकाशच सोडत नाही ते पाहावे कसे?

गेझ यांनी ठरविले, की कृष्णविवर दिसत नसले तरी त्याच्याभोवती फिरणारे तारे दिसतील. लहानपणी माणसे चंद्रावर उतरल्याचे पाहून आपणही चंद्रावर जावे असे या मुलीला वाटले होते. आता तिची दृष्टी कितीतरी पलीकडे गेली होती. त्यांनी हवाई बेटावरील केक दुर्बिणीचा वेळ मागितला. ही दुर्बीण चार हजार मीटरांहून उंच अशा पर्वतशिखरावर असून तिचा आरसा दहा मीटर रुंद, छत्तीस षट्कोनी तुकड्यांचा आहे. हे काम साधणार नाही, असे म्हणून त्यांची पहिली मागणी फेटाळण्यात आली. त्यांनी ती पुन्हा केली, आणि १९९५ मध्ये निरीक्षणांना प्रारंभ झाला.

खरी अडचण होती ती पृथ्वीभोवतीच्या हवेची. वाहत्या ओढ्याच्या तळाचा खडा जसा थरथरताना दिसतो, तसे हवेतून तारे थरथरतात. म्हणून प्रथम त्यांनी अतिशय अल्प काळाची हजारो छायाचित्रे घेऊन ती एकमेकांवर जुळविली. पुढे अशी युक्ती हाती आली, की एक लहान आरसा सेकंदाला शेकडो वेळा आपला आकार बदलतो आणि हवेची थरथर पुसून टाकतो. धुळीतून पार होणाऱ्या अवरक्त किरणांत वर्षानुवर्षे हे निरीक्षण चालले. एक तारा तर अवघ्या सोळा वर्षांत मध्याभोवती पूर्ण फेरी घालतो असे आढळले. आपल्या सूर्याला तशाच फेरीसाठी वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात! त्या ताऱ्याच्या वेगावरून गणित मांडले, तेव्हा मध्यभागी चाळीस लाख सूर्यांइतके वस्तुमान लहानशा जागेत कोंडलेले असल्याचे सिद्ध झाले. गेन्झेल यांचा गट चिली देशातील दुर्बिणींनी स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचला. दोन्ही गटांची मोठी चुरस होती, आणि त्या चुरशीमुळेच निष्कर्ष अधिक विश्वसनीय ठरला.

गंमत अशी, की दुरून काम करणे खगोलशास्त्रज्ञांना नवे नव्हते. शिखरावर हवा विरळ असल्यामुळे केकचे निरीक्षक पूर्वीपासून पायथ्याच्या गावी किंवा आपापल्या विद्यापीठातील खोलीत बसून दुर्बिणीचे काम पाहत. साथीच्या काळात ते घरूनच पाहू लागले.

त्या वर्षी डिसेंबरात स्टॉकहोमला विजेत्यांचा नेहमीचा मेळावा भरला नाही. पदके त्यांना त्यांच्या देशांतच देण्यात आली, आणि १० डिसेंबरचा सोहळा जगाने पडद्यावर पाहिला. तो शीघ्रगामी तारा २०१८ साली कृष्णविवराच्या अगदी जवळून गेला होता. आता तो २०३४ च्या सुमारास पुन्हा तेथे येईल.