घारीची वाट

मुलांनो, एप्रिल महिन्यात दुपारी शाळेच्या मैदानातून वर पाहा. एखादी घार गोल गोल फिरताना दिसेल. उर्दूत आपण तिला चील म्हणतो. ती पंख पसरून असते, पण पंख हलवत मात्र नाही. तरीही ती खाली येत नाही. उलट वर वर जाते आणि शेवटी ठिपक्याएवढी दिसू लागते. हे कसे घडते?

आपल्या भंडारा जिल्ह्यात तलाव पुष्कळ आहेत आणि धानाची शेतेही पुष्कळ आहेत. उन्हात तलावाचे पाणी हळूहळू तापते, पण उघडी, कोरडी जमीन लवकर तापते. तिच्यावरची हवाही तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. हवेच्या या वर जाणाऱ्या झोतात घार शिरते आणि त्यातच गोल फिरत राहते. झोत तिला वर नेतो.

माणसाला घारीचा हेवा फार जुन्या काळापासून वाटत आला आहे. नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास नावाचे विद्वान होते. त्यांनी पंख बांधून उडण्याचा प्रयत्न केला, असे सतराव्या शतकातील इतिहासकार अल्-मक्करी यांनी लिहिले आहे. ते काही अंतर उडाले, पण उतरताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पक्षी शेपटीच्या मदतीने उतरतो आणि शेपूट बनवायचे तर ते विसरले होते! जर्मनीचे ऑटो लिलिएंथाल यांनी 1891 पासून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. 1896 मध्ये ग्लायडरचा तोल जाऊन ते पडले व दुसऱ्या दिवशी मरण पावले.

1948 मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी एक नवा पतंग तयार केला. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराचा पडदा वापरला होता. त्याच आकारातून पुढे हँग ग्लायडर बनले. त्यात अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर त्रिकोणी कापड ताणलेले असते. पायलट त्याखाली पालथा लटकतो आणि अंग इकडेतिकडे सरकवून दिशा बदलतो. पॅराग्लायडरला मात्र नळ्या नसतात. त्याचा पंख कापडाचा असतो. पंखाच्या पुढच्या कडेला तोंडे असतात. पळू लागताच त्यांतून हवा आत भरते आणि पंख फुगून ताठ होतो. 1978 मध्ये फ्रान्समधील मिएसी गावाजवळच्या डोंगरावरून तीन जण असे पॅराशूट घेऊन धावत निघाले. तेथून हा खेळ वाढला. सारे सामान पाठीवरच्या पिशवीत मावते.

महाराष्ट्रात हा खेळ पाहायचा असेल तर मावळातील कामशेतला जावे. पुणे–लोणावळा लोकल तेथे थांबते. पावसाळा संपला की उड्डाणे सुरू होतात. मी एका सुट्टीत पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. कॉलेजात शिकणारा भाचा मला तेथे घेऊन गेला. तीन वाजता आम्ही डोंगरावर पोहोचलो. काठीला बांधलेली कापडी नळी वाऱ्याने फुगली होती. समोरून येणारा वारा डोंगराला धडकून वर चढतो. तोच हवा असतो. त्या दिवशी मात्र नळी सारखी दिशा बदलत होती. शिक्षक तिच्याकडे पाहत बसले. साडेपाच वाजता ते म्हणाले, "आज नाही. सामान आवरा." भाच्याने पैसे भरले होते. तो रुसला. खरे सांगायचे तर मलाही राग आला.

परतताना शिक्षकांनी आम्हांला उंच पर्वतांवरील उड्डाणांची माहिती दिली. हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यात बिलिंग हे ठिकाण सुमारे 2,400 मीटर उंचीवर आहे. तेथून उडून खाली बीर गावात उतरतात. 2015 मध्ये तेथे विश्वचषकाची स्पर्धा झाली. कुशल पायलट धौलाधार पर्वताजवळ चार हजार मीटरच्याही वर जातात. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. हवा विरळ होत जाते. विरळ हवेत पंखाला आधार मिळण्यासाठी जास्त वेग लागतो, म्हणून जमिनीवर उतरतानाही वेग जास्त असतो.

आणि ढग? 14 फेब्रुवारी 2007 रोजी ऑस्ट्रेलियात एवा विश्निएर्स्का ही जर्मन पायलट वादळी ढगात ओढली गेली. ढगाने तिला 9,946 मीटर उंचीवर नेले. एव्हरेस्ट 8,849 मीटर आहे! ती अर्ध्या तासाहून अधिक वेळ बेशुद्ध होती. अंगावर बर्फ जमला होता. ती वाचली. त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट वाचला नाही. दोघेही नवखे नव्हते.

हे ऐकून भाचा गप्प झाला. घरी येईपर्यंत त्याने पैशांचे नावही काढले नाही.

दुसऱ्या दिवशी नळी एकाच दिशेने फुगलेली होती. शिक्षकांनी भाच्याला हेल्मेट घातले, पट्टे दोनदा तपासले आणि त्याला आपल्यापुढे बांधले. दोघे चार-पाच पावले पळाले आणि पाय जमिनीवरून सुटले. मी घड्याळ पाहत उभा होतो. बारा मिनिटांनी ते खालच्या शेतात उतरले. मी धापा टाकत तेथे पोहोचलो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, वर एक घार आमच्या शेजारून गेली. ती जिकडे वळली, तिकडेच सरांनीही वळवले."