स्वरांची अंतरे आणि आपले भजन

देवळातील भजनास बसणाऱ्या मुलामुलींच्या हाती आता पेटी सहज येते. बोटे चालू लागतात, चार अभंग वाजविता येतात, आणि संगीत आले असे वाटू लागते. या समजुतीचा फोलपणा मला एका सप्ताहात कळला. तो अनुभव सांगून मग मुख्य विषयाकडे वळतो.

माझे सारे अभंग ‘काळी एक’ हा षड्ज धरून पाठ झाले होते. त्या रात्री बुवांचा गळा बसला होता. ते म्हणाले, “बाळ, आज काळी पाच धर.” मी ती पट्टी दाबली खरी, परंतु पुढची बोटे कोठे टाकावी हे मला उमगेना. चार चुकीचे स्वर ऐकल्यावर बुवांनी हातानेच मला थांबविले आणि नुसत्या टाळ-मृदंगावर अभंग पुरा केला. घरी आल्यावर वडिलांनी एवढेच विचारले, “मंत्र उंच आवाजात म्हटला काय किंवा खालच्या आवाजात म्हटला काय, त्यातील अनुदात्त आणि स्वरित बदलतात का?” लहानपणापासून मी सूक्ते म्हणत आलो होतो. जे मुखात होते ते बोटांत उतरले नव्हते. स्वर म्हणजे पेटीची अमुक एक पट्टी नव्हे. षड्जापासूनचे ठरलेले अंतर म्हणजे स्वर होय.

१. अंतर

पेटीवरील काळ्या व पांढऱ्या पट्ट्या क्रमाने, एकही न गाळता मोजाव्या. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत एक घर. कोणत्याही षड्जापासून कोमल ऋषभ १ घर, शुद्ध ऋषभ २, कोमल गंधार ३, शुद्ध गंधार ४, शुद्ध मध्यम ५, तीव्र मध्यम ६, पंचम ७, कोमल धैवत ८, शुद्ध धैवत ९, कोमल निषाद १०, शुद्ध निषाद ११, आणि तार षड्ज १२ घरे.

आता काळी पाच हा षड्ज घ्या. तेथून ४ घरे मोजली की पुढल्या सप्तकातील पांढरी दोन येते, तो गंधार. ७ घरांवर पांढरी चार येते, तो पंचम. त्या रात्री मला एवढेच ठाऊक असावयास हवे होते.

या अंतरांत दोन विशेष मानाची आहेत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात २२ श्रुती सांगून, ज्या दोन स्वरांत ९ किंवा १३ श्रुतींचे अंतर असते ते परस्परांचे संवादी, असे म्हटले आहे. षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम ती हीच. तंबोऱ्याची पहिली तार पंचमात किंवा मध्यमात लावतात, त्याचे मूळ या संवादात आहे. कंपनांच्या भाषेत षड्ज २ असेल तर पंचम ३ भरतो.

२. थाट

अंतरांची ओळ लावली की थाट होतो. बिलावल थाटाची घरे २, २, १, २, २, २, १ अशी आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी हिंदुस्थानी रागांची मांडणी दहा थाटांत केली. त्यांपैकी सहा केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर सापडतात. पांढरी एक षड्ज मानून क्रमाने वाजविले तर बिलावल. पांढरी दोन षड्ज मानली तर काफी. तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. पट्ट्या त्याच, फक्त षड्ज हलला; आणि कल्याणाची प्रसन्नता जाऊन भैरवीची आर्तता आली. सातव्या पट्टीपासून मात्र थाट होत नाही, कारण तेथून ७ घरांवर पांढरी पट्टीच नाही. पंचमावाचून थाट अपुरा राहतो.

३. स्वरसमूह अर्थात कॉर्ड

गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी, व्हायोलिन व समूहगायन शिकविले गेले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ज्या गोवेकर वादकांनी नाव मिळविले, त्यांतील अनेकांचा पाया तेथे घातला गेला. त्या पद्धतीत तीन स्वर एकदम वाजवितात, त्यास कॉर्ड म्हणतात. षड्ज, शुद्ध गंधार व पंचम, म्हणजे ४ व ३ घरे, ही मेजर कॉर्ड; गंधार कोमल केला की ३ व ४ घरे होऊन मायनर कॉर्ड बनते. मधला एक स्वर एक घर खाली येताच सारा भाव पालटतो. अंतराचे सामर्थ्य कळण्यास याहून सोपा प्रयोग नाही.

भजनात मात्र कॉर्ड जपून वापरावी. भूप रागात सा-ग-प शोभते, कारण हे तिन्ही स्वर त्यातलेच आहेत. मालकंसात पंचम वर्ज्य आहे. तेथे सवयीने पंचम दाबला तर राग मोडतो. त्या ठिकाणी षड्ज-मध्यम पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. पेटीची बाराही घरे समान केलेली असतात. त्यामुळे तिचा पंचम जवळजवळ खरा असला तरी शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. म्हणून घरे पेटीवर मोजावी, पण कान तंबोऱ्यापाशी ठेवावा.

अभ्यास

येत्या एकादशीपर्यंत प्रत्येकाने एक परिचित अभंग तीन निरनिराळ्या षड्जांवर वाजवावा. प्रथम स्वर मुखाने म्हणावा, मग घरे मोजावी, नंतरच बोट ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांनी जवळ बसून ऐकावे. भजनात पेटीने गळ्याच्या मागून जावयाचे असते. गाणाऱ्याचा गळा ज्या उंचीवर असेल तेथे त्यास साथ देता यावी, एवढीच या अभ्यासाची फलश्रुती आहे. पुढील सप्ताहात बुवांनी पुन्हा काळी पाच मागितली. या वेळी त्यांना हात उचलावा लागला नाही.