जुन्या जीपची पारख

भारतात जुन्या जीपच्या रिस्टोरेशनला, म्हणजे गाडी पूर्ण सुटी करून तिला शक्य तितक्या मूळ स्वरूपात पुन्हा उभी करण्याच्या कामाला, एक गोष्ट फार अनुकूल आहे आणि खरेदीदाराची सर्वाधिक फसगतही तिच्यामुळेच होते. महिंद्राने १९४७ पासून विलिज जीपची जुळणी हाती घेतली आणि पुढे त्याच घराण्यातील मॉडेले अनेक दशके काढली. त्यामुळे एका काळातील ॲक्सल, गिअरबॉक्स किंवा बॉडीचा पत्रा थोड्याफार फेरफाराने दुसऱ्या काळातील जीपवर बसतो आणि सुटे भाग कुर्ल्याच्या बाजारापासून हरियाणातील मंडी डबवालीपर्यंत आजही मिळतात. परिणामी, नव्या हिरव्या रंगात चकाकणारी जीप ही एक गाडी नसून तीन-चार गाड्यांच्या अवशेषांची जुळवणी असू शकते, आणि पारख करायची ती प्रथम याच गोष्टीची.

बहुतेक खरेदीदार मात्र आधी इंजिन सुरू करून पाहतात, एका हाकेत ते लागले की सौदा ठरवतात आणि पुढे पस्तावतात. सीजे-३बी या उंच बॉनेटच्या जीपमधील पेट्रोल इंजिन असो किंवा एमएम ५४० मधील पूझोच्या आराखड्याचे २,११२ घनसेंमी क्षमतेचे डिझेल इंजिन असो, बोअरिंग करून नवे पिस्टन टाकण्याचे आणि क्रँक घासून घेण्याचे काम जिल्ह्याच्या गावी चांगले होते, त्याचा खर्चही आधी विचारून घेता येतो. थंड इंजिन सुरू करायला लावणे, चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढून आतून धुराचा जोर किती येतो हे पाहणे, एवढी तपासणी किंमत ठरवण्यास पुरते. गाडी घ्यावी की नाही हे त्यावरून ठरत नाही.

ते ठरते चॅसीवरून. चॅसी म्हणजे दोन लांब पोलादी तुळया व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या यांचा शिडीसारखा सांगाडा, ज्यावर इंजिन, बॉडी आणि पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, असे सर्व काही उभे असते. कोकण किनाऱ्यावर राहिलेल्या जीपचा मागची आडवी पट्टी आणि पाटे चॅसीला जोडणारे हँगर खाऱ्या हवेने आतून पोखरलेले असतात, तर पश्चिम महाराष्ट्रात वडापवर, म्हणजे क्षमतेबाहेर प्रवासी भरून, वर्षानुवर्षे चाललेल्या जीपमध्ये गंज कमी असला तरी हँगरजवळ चिरा आणि त्यांवर घाईने मारलेले वेल्डिंग आढळते. मराठवाड्यातील कोरड्या भागात शेतावर उभी राहिलेली, रंग उडालेली जीप या दृष्टीने पुष्कळदा अधिक भरवशाची ठरते. चॅसी सरळ आहे का हे पाहण्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत: चारही कोपऱ्यांतील हँगरच्या बोल्टपासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि तिरक्या कोपऱ्यांतील खुणांमधील दोन्ही कर्ण मोजावेत, ते जुळले नाहीत तर अपघाताचा संशय धरून गाडी जाणत्या कारागिरास दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. पत्र्यावर लोहचुंबक फिरवला असता जिथे तो धरत नाही तिथे लांबी, म्हणजे खड्डे भरण्याची पुट्टी, जाड थापलेली आहे असे समजावे.

चॅसीइतकेच महत्त्व कागदांना आहे, कारण गाडीची कायदेशीर ओळख चॅसीवर ठोकलेल्या क्रमांकात असते. तो क्रमांक आरसी बुकाशी अक्षरागणिक ताडून पाहावा आणि त्याच्या भोवतालचा पत्रा घासलेला किंवा नव्याने जोडलेला तर नाही हे रंग खरवडून पाहावे. जुन्या काळी डिझेल स्वस्त म्हणून पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवण्याची प्रथा होती. ते बदल आरसीत नोंदलेले नसतील, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या, वाहनातील फेरबदलांविषयीच्या कलम ५२ चा अडथळा नव्या मालकासमोर उभा राहतो. नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपलेल्या खासगी गाडीचे नूतनीकरण झाले आहे का, परराज्यातील गाडीस ना-हरकत प्रमाणपत्र आहे का आणि कर्जाचा बोजा उतरला आहे का, हेही पाहावे. लष्करी लिलावातील जीपबाबत विशेष दक्षता हवी, कारण लिलावाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांचा आधारही सरसकट मिळत नाही. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल न झालेली असावी लागते, शिवाय अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

फोर-व्हील-ड्राइव्हची खात्री मातीच्या रस्त्यावर करावी. जीपच्या पुढच्या व मागच्या ॲक्सलांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्याने डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून वळणे घेतली की यंत्रणेवर ताण येतो. ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनाची शक्ती दोन्ही ॲक्सलांना वाटणारी पेटी, लो रेंजमध्ये टाकल्यावर दांडा उसळून बाहेर येत असेल, तर तो खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.

मूळ चॅसी, तिच्याशी जुळणारे आरसी बुक आणि बंद पडलेले इंजिन अशी जीप विचारपूर्वक घेण्याजोगी असते; झकास चालणारी पण क्रमांक न जुळणारी जीप कोणत्याही किमतीला घेऊ नये, आणि आरटीओकडे नोंदीची पडताळणी होईपर्यंत विसारही देऊ नये.