मुदत न लिहिलेली हुंडी
(बी. कॉम. भाग ३, मराठी विभाग)

वाणिज्य मंडळाने यंदाच्या अंकासाठी मला ‘धंद्यातील जोखीम’ हा विषय सुचविला होता. विषय चांगला आहे. परंतु गेले सहा आठवडे आमच्या घरात एकच जोखीम मुक्कामाला आहे, आणि तिच्याविषयी लिहिल्यावाचून दुसरे काही सुचेल असे वाटत नाही. तेव्हा वाचकांनी हा लेख त्याच विषयाचा एक धडा समजून वाचावा.

माझा थोरला भाऊ बेंगळुरूला संगणकाच्या धंद्यात आहे. छापील कन्नड व देवनागरी मजकूर यंत्राकडून वाचवून घेण्याचे त्याचे काम. त्याने इंग्लंडच्या ‘ग्लोबल टॅलेंट’ व्हिसासाठी अर्ज केला आहे. हा व्हिसा नोकरीवर अवलंबून नसतो. तिकडच्या मालकाचे पत्र लागत नाही, आणि तिथे गेल्यावर नोकरी बदलायलाही मोकळीक असते. त्याऐवजी, अर्जदार आपल्या क्षेत्रात खरोखर पुढे आहे किंवा पुढे जाण्याजोगा आहे असा निर्वाळा त्या क्षेत्रासाठी नेमलेल्या संस्थेने द्यावा लागतो. या निर्वाळ्याला तिकडे ‘एंडॉर्समेंट’ म्हणतात.

दादाचा फोन आला तेव्हा हा शब्द बाबांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झाले असल्याने इंग्रजी शब्द ऐकला की आधी मराठी प्रतिशब्द डोक्यात येतो. मी म्हणालो, “बाबा, एंडॉर्समेंट म्हणजे पृष्ठांकन.”

बाबा रविवार पेठेतल्या एका अडत दुकानात तीस वर्षे दिवाणजी आहेत. त्यांनी चष्मा वर करून विचारले, “चेकच्या पाठीवर सही करतात तसलं काय?”

मी हसलो, पण रात्री झोपताना वाटले की बाबांचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा सरस होता. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यात पृष्ठांकन म्हणजे दस्तऐवजाच्या मागे सही करून तो दुसऱ्याच्या हाती देणे, एवढे आम्ही परीक्षेपुरते घोकतो. त्या सहीने सही करणाराही बांधला जातो, हा त्यातला महत्त्वाचा भाग. हुंडी वटली नाही तर मागच्या सह्यांकडे दाद मागता येते. दादाच्या प्रकरणात सही करणारी संस्था असे काहीच पत्करत नाही, उलट पुढे ती आपला निर्वाळा मागेही घेऊ शकते. दोहोंत साम्य इतकेच की, मागे कोणाची सही आहे हे पाहिल्याखेरीज बाजारात कागद पुढे सरकत नाही आणि तिकडे माणूस.

आता प्रक्रिया. पूर्वी या जागी ‘टियर वन, एक्सेप्शनल टॅलेंट’ नावाचा व्हिसा होता. तो २०११ मध्ये सुरू झाला तेव्हा वर्षाला एक हजार जागांची मर्यादा होती, पुढे ती दोन हजार झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये आजचा व्हिसा आला आणि संख्येची मर्यादा गेली. संगणक-तंत्रज्ञानाच्या शाखेत अर्जदाराला स्वतःची माहिती, नामवंत तज्ज्ञांची तीन शिफारसपत्रे आणि जास्तीत जास्त दहा पुरावे जोडावे लागतात. शिफारसपत्रे मिळवण्यातच दादाचे चार महिने गेले. मोठी माणसे नाही म्हणत नाहीत, ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतात. पाठवल्यानंतरची प्रतीक्षा सगळ्यांना दिसते, पण अर्ज पाठवण्याआधीची ही प्रतीक्षा कोणी हिशेबात धरत नाही.

पहिल्या पायरीचा निकाल सर्वसाधारणपणे आठ आठवड्यांत येतो. तो अनुकूल आला तर तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करायचा, आणि देशाबाहेरून केलेल्या त्या अर्जाचा निकाल साधारण तीन आठवड्यांत. प्रतिकूल आला तर अठ्ठावीस दिवसांत फेरतपासणी मागता येते. तिला पैसे पडत नाहीत, पण नवा पुरावाही जोडता येत नाही; पहिल्या तपासणीत चूक झाली होती का, एवढेच पाहिले जाते. नव्याने अर्ज करण्याची वाट मात्र उघडी असते.

‘सर्वसाधारणपणे’ या शब्दाने आमच्या घराचा पुरता ताबा घेतला आहे. बाबांना दर्शनी हुंडी ठाऊक आणि मुदती हुंडीही ठाऊक. मुदतीच्या हुंडीला कायद्याने वर तीन दिवस सवलतीचे मिळतात, पण ते तीनच. ज्या विनिमयपत्रावर मुदत लिहिलेली नसते ते कायद्याने मागताक्षणी देय असते. दादाच्या अर्जावरही मुदत पक्की लिहिलेली नाही, पण मागायला जावे अशी खिडकीच नाही.

खर्चाचा हिशेब मी वहीत मांडला. एप्रिल २०२५ पासूनच्या दराने या व्हिसाचे शुल्क ७६६ पौंड. पैकी ५६१ पहिल्या पायरीला आणि २०५ दुसऱ्या पायरीला. शिवाय तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठी आरोग्य अधिभार प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा मागाल तितक्या वर्षांचा आगाऊ. पाच वर्षांचे ५,१७५. म्हणजे एका माणसाचे एकूण ५,९४१ पौंड. वहिनींचेही तितकेच. हिशेबापुरता पौंड ११५ रुपयांचा धरला तर दोघांचे मिळून १३ लाख ६६ हजार ४३० रुपये होतात. बाबांनी हा आकडा दोनदा वाचला आणि वही मिटून ठेवली.

मग मी त्याचे दोन भाग पाडून दाखवले. निर्वाळा नाकारला गेला तर बुडतात ते ५६१ पौंड, साधारण साडेचौसष्ट हजार रुपये. अधिभार दुसऱ्या पायरीवर भरायचा असतो, आणि व्हिसा नाकारला तर तो परत मिळतो. म्हणजे खरी जोखीम तेरा लाखांची नाही. जी रक्कम लागेल ती आणि जी रक्कम बुडेल ती, या दोहोंत भेद न केल्याने बाबांची दोन रात्रींची झोप गेली होती. एवढ्यासाठी तरी वाणिज्य शाखेचा उपयोग झाला.

पैशांपेक्षा अवघड आहेत त्या अडकलेल्या गोष्टी. दादाच्या कंपनीत राजीनाम्याची सूचना नव्वद दिवस आधी द्यावी लागते. व्हिसा हाती येण्याआधी ती देणे म्हणजे आगीशी खेळ. घराचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आला आहे. वहिनींच्या शाळेने त्यांना जूनपासून पर्यवेक्षिका होण्याविषयी विचारले आहे आणि त्यांनी ‘कळवते’ म्हटले आहे. बाबांची चार लाखांची ठेव पुढल्या महिन्यात पिकते. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि ‘दादा जाण्याआधी येऊन राहील, तेव्हा करू’ म्हणून शस्त्रक्रिया दोनदा पुढे गेली. एका ई-मेलवर पाच माणसांचे वर्ष लटकले आहे. आजी रोज संध्याकाळी विचारते, “काय म्हणतंय रे ते लंडनचं?” आणि मी मोबाईलकडे न बघताच “काही नाही” म्हणतो.

अशा वेळी कसे वागावे, याविषयी कोणी अभ्यास केला आहे काय, म्हणून मी वाचायला घेतले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये पंचेचाळीस जणांवर केलेला एक प्रयोग सापडला. संगणकावरच्या खेळात कोणत्या दगडाखाली साप आहे हे ओळखायचे. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसांना जितका ताण आला, त्याहून जास्त ताण बसेल की नाही हे निम्मे निम्मे असताना आला. आजी हेच एका वाक्यात सांगते, पण तिच्याकडे विजेचे यंत्र नाही.

दुसरा अभ्यास मला अधिक उपयोगी वाटला. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या पदवीधरांकडे पाहिले. तो निकाल लागायला तिथे सुमारे चार महिने लागत. त्या काळात मुले मन दुसरीकडे वळवत होती, आशा धरत होती, वाईटाची तयारी करत होती. या उपायांनी काळजी फारशी कमी झाली नाही, असे त्यांना २०१६ च्या लेखात दिसून आले. पण जी मुले या काळात काळजीत होती आणि फार मोठी आशा धरून बसली नव्हती, त्यांनी वाईट निकाल आला तेव्हा पुढची पावले बरी टाकली, आणि चांगला आला तेव्हा त्यांना आनंदही अधिक झाला.

हे वाचल्यावर मला हिशेबमानक २९ आठवले. संभाव्य मालमत्ता पुस्तकात घेऊ नये, असा तो नियम आहे. आमच्या आईने ती पहिल्याच आठवड्यात घेतली. गल्लीतल्या चार घरांत कुंदा जाऊन पोचला. आता रोज कोणीतरी विचारते आणि आई उत्तर देता देता थकते. मी तिला हिशेबमानक समजावायला गेलो तर म्हणाली, “तुझ्या पुस्तकात आईचं खातं कुठल्या पानावर असतं ते सांग आधी.” असो.

काही जणांना वाटेल की आठ आठवड्यांसाठी हा एवढा लेख कशाला? खरे आहे. अमेरिकेतली रांग पाहिली की आमची प्रतीक्षा लाजते. तिथे नोकरीच्या आधारावर कायम वास्तव्याचे परवाने १९९० च्या कायद्याने वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कोणत्याही एका देशाला त्यातले सात टक्के, म्हणजे सुमारे ९,८००. तेही नवरा, बायको, मुले धरून. लहान देश असो वा भारत, टक्के तेच. इतर देशांचा न वापरलेला वाटा मिळाला तर रांग थोडी अधिक सरकते. नाहीतर पुढे एक लाख माणसे असली की दहा वर्षे झाली. तिकडचे सरकार दर महिन्याला एक पत्रक काढते, त्यात कोणत्या तारखेपर्यंतचे अर्ज विचारात आले ते छापलेले असते. २०२५ च्या अखेरीस उच्चशिक्षितांच्या दुसऱ्या वर्गात भारतीयांची तारीख २०१३ सालात रेंगाळत होती.

माझ्या मावशीचे यजमान त्याच रांगेत आहेत. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, वीस वर्षांचा. एकवीस वर्षे पूर्ण झाली की तिकडच्या कायद्याने मूल मूल राहत नाही. आईवडिलांच्या व्हिसावर त्याला राहता येत नाही. वयातून काही काळ वजा करण्याची सवलत २००२ च्या कायद्याने दिली आहे, पण रांग लांब असली की ती पुरत नाही. तो दुसऱ्या इयत्तेत असताना तिकडे गेला. मराठी तोडकीमोडकी बोलतो, बेळगावला एकदाच आला आहे. मला एकवीस पूर्ण होतील तेव्हा आई शिरा करील. त्याला होतील तेव्हा त्याने विद्यार्थी म्हणून वेगळा व्हिसा काढलेला असला पाहिजे, नाहीतर देश सोडावा लागेल. रांगेचे गणित फळ्यावर सोपे दिसते, पण मावसभावाचा फोन आला की मला बोलायला काही सुचत नाही.

दोन्ही देशांत एक फरक मात्र अभ्यासण्याजोगा आहे. इंग्लंडच्या या व्हिसात संख्येची मर्यादा नाही, माणसाची पारख आहे; म्हणून निकाल लवकर लागतो, पण नकार आला तर तो आपल्या कामाला आलेला नकार वाटतो. अमेरिकेच्या रांगेत तुमची पात्रता केव्हाच मान्य झालेली असते, अडते ते फक्त संख्येमुळे. पहिल्या प्रकारात मनाला लागते, दुसऱ्यात आयुष्याची वर्षे जातात. कोणते बरे, असे मी दादाला विचारले. तो म्हणाला, “वाट बघणाऱ्याला असले प्रश्न विचारू नकोस.”

गेल्या पंधरवड्यात आम्ही घरी बसून कामांची विभागणी केली. निकालावर खरोखर अवलंबून असलेली कामे एका बाजूला, आणि आपणच निकालाला नेऊन बांधलेली कामे दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला तीनच निघाली: राजीनामा, आरोग्य अधिभार आणि क्षयरोगाची तपासणी. तपासणीचे प्रमाणपत्र सहाच महिने चालते, त्यामुळे ती आधी करून ठेवण्यात शहाणपण नाही. निर्वाळा आला की मगच बेंगळुरूच्या मान्यताप्राप्त केंद्रात जायचे. बाकी सगळी कामे सुटी झाली. बाबांची ठेव पुन्हा वर्षभरासाठी गुंतवण्याऐवजी एकेक लाखाच्या चार ठेवी वेगवेगळ्या मुदतींनी करायच्या ठरल्या, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येईल. भाडेकरार घरमालकाशी बोलून दोन महिन्यांच्या सूचनेवर वाढवला. वहिनींनी शाळेला होकार कळवला, आणि जावे लागण्याची शक्यता आहे हेही कळवले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जून येऊ दे तर खरा. यामुळे काळजी कमी झाली असे मी म्हणणार नाही. दादा अजूनही पहाटे उठून ई-मेल बघतो, असे वहिनी सांगतात.

माझा कन्नड विभागातला मित्र हे सारे ऐकून म्हणतो, “बरतैती बिडो.” म्हणजे, येतं रे, सोड. त्याच्या भाषेत हे दोन शब्द एका दमात बोलले जातात आणि ऐकायला फार बरे वाटतात. मराठीत मी ते आईला सांगून पाहिले, ती म्हणाली, “येतं तर कधी, ते विचार त्याला.”

हा लेख संपादकांकडे शनिवारी द्यायचा आहे. दादाचा सातवा आठवडा मंगळवारी भरेल. आजीच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया गेल्या सोमवारी झाली; दादा रजा न मिळाल्यामुळे येऊ शकला नाही, पट्टी सोडताना मी होतो. डाव्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची सतरा तारीख दिली आहे. या वेळी ती आम्ही बेंगळुरूला न विचारता पक्की केली.