शाबासकीनं मुलं बिघडतात का?

प्रश्न : मी दहावीला गणित शिकवते. ज्याचं कौतुक करावं, त्याचा पुढचा पेपर घसरतो. झापलं की सुधारतो. मग रागावणंच बरं, नाही का?

उत्तर : बाई, १९६०च्या दशकात इस्रायली हवाई दलातल्या एका अनुभवी प्रशिक्षकानं मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना हेच सुनावलं होतं. कसरत छान जमलेल्या कॅडेटला शाबासकी दिली की पुढची फसते, ओरडलं की सुधारते. निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकला. फारच सुरेख उड्डाणात कौशल्याला नशिबाचीही साथ असते. ती पुढच्या खेपेला मिळेलच असं नाही. फार वाईट उड्डाणाचंही तेच, उलट्या बाजूनं. तुम्ही गप्प बसलात तरी बहुतेक जण आपापल्या सरासरीकडे सरकतात. कानेमान यांनी तिथेच प्रशिक्षकांना लक्ष्याकडे पाठ करून दोन-दोन नाणी फेकायला लावली. पहिलं जवळ पडलेल्यांपैकी बहुतेकांचं दुसरं लांब गेलं, लांबवाल्यांचं सुधारलं. नाण्यांना कोणी रागावलं नव्हतं!

हवेत धोका दिसला तर प्रशिक्षकानं खेकसावंच. पण ती सूचना झाली, शिकवणं नव्हे. तुम्ही एका पेपरावरून काही ठरवू नका. चार-पाच चाचण्यांचे गुण शेजारी मांडा, आणि बोलायचंच तर चुकलेल्या पायरीबद्दल बोला.