मांजराचे पिल्लू माती का उकरते?

पिशवीत घालून आणलेले मांजराचे पिल्लू पहिल्या दिवशी सगळ्या घराचे लाडके असते. दुसऱ्या दिवशी ते पलंगाखाली, नाहीतर आजोबांच्या घडी केलेल्या धोतरावर घाण करून ठेवते आणि वडील मंडळी म्हणतात, "उद्या ह्याला मासळीबाजारात सोडून या." कित्येक पिल्लांचे नशीब असे दोन दिवसांत ठरते. विद्यार्थी मित्रांनो, हे संकट बहुधा टाळता येते. पण त्यासाठी पिल्लाला शिस्त लावण्याआधी त्याच्या शरीराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

जन्मतेवेळी पिल्लाचे डोळे मिटलेले असतात. सुमारे तीन आठवडे त्याला आपण होऊन शी-शूदेखील करता येत नाही. आई त्याचे पोट व शेपटीखालची जागा जिभेने चाटते, त्या स्पर्शाने प्रतिक्षिप्त क्रिया घडते आणि मगच मूत्राशय व आतडे रिकामे होते. बाहेर आलेले सगळे आईच चाटून टाकते. आपल्याला हे किळसवाणे वाटेल. परंतु त्यामुळे पिल्लांची जागा कोरडी राहते आणि वासावरून शत्रूला माग लागत नाही. पोरके पिल्लू वाढवताना पुष्कळजण फक्त दुधाची काळजी करतात. ह्या वयात पाजणे जितके आवश्यक, तितकेच पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शेपटीखाली हळुवार पुसणे आवश्यक असते. ते न केल्यास मूत्राशय तुंबून पिल्लू दगावू शकते.

तीन-चार आठवड्यांचे झाले की पिल्लू स्वतः विसर्जन करू लागते आणि त्याच सुमारास मऊ माती दिसली की पंजाने उकरू लागते. आईला असे करताना ज्यांनी कधी पाहिलेले नाही अशी पिल्लेही उकरतात. म्हणजे ही प्रवृत्ती उपजत आहे. पाळीव मांजरांचे पूर्वज पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातील रानमांजरे होती, हे 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्या कोरड्या मुलखाची खूण मांजराच्या मूत्रपिंडातही सापडते. माणसापेक्षा दुपटीहून अधिक दाट मूत्र ते तयार करते आणि त्याचा दर्प किती उग्र असतो हे सांगायला नकोच!

उकरणे उपजत असले तरी कोठे उकरायचे हे मात्र पिल्लू शिकते. ज्या वस्तूचा स्पर्श पंजांना वारंवार होतो, ती त्याच्या सवयीची होते. आठवडाभर चिंध्यांवर गेलेले पिल्लू पुढे चिंध्याच शोधते, आणि घडी केलेले धोतर हीही त्याच्या दृष्टीने चिंधीच!

तेव्हा पहिल्या दिवसापासून एका पसरट परातीत किंवा उथळ घमेल्यात चार-पाच सेंटिमीटर जाडीचा कोरड्या बारीक वाळूचा थर द्यावा. काठ इतका बुटका असावा की पिल्लू सहज चढेल. जागा निवांत असावी, जेवणाच्या बशीपासून दूर. सुरुवातीला पिल्लाला एकाच खोलीत ठेवावे. खाल्ल्यावर आणि झोपेतून उठल्यावर त्याला अलगद उचलून वाळूत सोडावे. पोटात अन्न पडले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून ही वेळ साधायची. त्याचा पंजा धरून वाळू उकरून दाखवण्याची गरज नाही. त्याने पिल्लू घाबरतेच.

घाणीत नाक घासणे ही आपल्याकडची जुनी शिक्षा. मागे केलेल्या कृतीशी तिचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. ते माणसाला भ्यायला शिकते आणि पुढच्या खेपेस कपाटामागे जाते. त्यापेक्षा वाळू ओली झाली आहे का, परात कोणी हलवली का, हे पाहावे. पावसाळ्यात व्हरांड्यातली वाळू भिजते आणि दोष पिल्लाला लागतो, हे मी आमच्याच घरी पाहिले आहे. पिल्लू पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तर मात्र तो सवयीचा प्रश्न नव्हे. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

घाण झालेली जागा काळ्या फिनेलने पुसू नये. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये आपल्या यकृतातील एका एन्झाइमामुळे निरुपद्रवी होऊन बाहेर पडतात. मांजरांच्या कुळात ह्या एन्झाइमाचे जनुक निकामी झालेले आहे. फिनेल पंजांना लागते, पिल्लू पंजे चाटते आणि विष पोटात जाते. साबणाचे पाणी आणि ऊन पुरेसे आहे.

अमेरिकेत 1947 साली मिशिगन राज्यातील एका शेजारणीने एड लो ह्या तरुणाकडे मांजरासाठी वाळू मागितली, कारण तिची वाळू थंडीने गोठली होती. त्याने दाणेदार शोषक माती दिली. आपल्या मुलतानी मातीचीच ती बहीण. त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. पुढे ओलाव्याने गोळा होणारी मातीही आली, पण लहान पिल्ले दिसेल ते चाखतात, म्हणून ती त्यांना देऊ नये.

परातीतील विष्ठा रोज काढावी. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडू शकतो. बाहेर पडल्यावर तो एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो, म्हणून रोजच्या सफाईला महत्त्व. हे काम घरातील गरोदर स्त्रीकडे देऊ नये, हात साबणाने धुवावेत आणि ही वाळू भाजीच्या वाफ्यात टाकू नये.

आता एक प्रयोग. दोन सारख्या पराती घ्या. एकीत वाळू, दुसरीत कागदाचे कपटे घाला आणि दोन कोपऱ्यांत ठेवा. पिल्लू कोठे जाते ते चार दिवस वहीत टिपा. मग परातींच्या जागा बदलून आणखी चार दिवस टिपा. पिल्लू वाळूमागे गेले, की जुन्याच कोपऱ्यात? दोन घरांतल्या पिल्लांची उत्तरे वेगळी आली, तर ती आधी कोठे वाढली होती ह्याची चौकशी करा.